ओर्तेन्सिया ब्रांकीच्या पिठात काय होतं

ओर्तेन्सिया ब्रांकी धान्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायची. वरवरचं बघून पोतं घेणारा माणूस मूर्ख, असं तिचं ठाम मत होतं. वर टपोरे दाणे आणि तळाला खडे, हे तिने आयुष्यात इतक्या वेळा पाहिलं होतं, की समोरचा हसून बोलायला लागला की तिचा हात आधी तळाकडे जायचा. नवी मोलकरीण, नवा पाद्री, नवा डॉक्टर, सगळ्यांना तिने असंच तपासलं. लग्नही त्याच पायी राहिलं, असं गावातल्या बायका म्हणत. ती म्हणायची, "दोन आले होते. दोघेही तळाला खराब निघाले."

मी तेव्हा प्रेदाल्ता गावच्या टपालकचेरीत होते. तिची पत्रं माझ्याच हातून जायची, त्यामुळे जे झालं त्यातलं बरंचसं मी पाहिलेलं आहे. उरलेलं बहुतेक तिने आणि इलारिओने नंतर सांगितलं.

इलारिओ तिचा धाकटा भाऊ. ओर्तेन्सिया चौसष्टची, तो अठ्ठावन्नचा. ओढ्याकाठची पाणचक्की दोघं मिळून चालवत. वडील बात्तिस्ता गेल्यावर ती तोंडाने चालवायची आणि तो हातांनी. दिवसाला दहा वाक्यं बोलला तर फार, असा माणूस.

पूर्वी त्या चक्कीवर राय दळली जायची. गव्हाचंच काळपट, काटक भावंड ते. थोडा गहू असायचा, आणि आमच्या वाल्तेल्लिना खोऱ्यातला कुट्टू. कुट्टू म्हणजे डोंगरउतारावरच्या गरिबांचं खाणं. आमच्या आया त्याच्या करड्या पट्ट्या कापून कोबी-बटाट्याबरोबर उकडायच्या आणि वर चीज घालायच्या. ते घरचं खाणं होतं, मिरवण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग कधीतरी मिलानोहून, मोंझाहून गाड्या यायला लागल्या. गाडीतून उतरणारी माणसं कुट्टूचं पीठ मागायची आणि पुढे हळूच विचारायची, "यात ग्लुटेन नाही ना?"

पहिल्यांदा ओर्तेन्सियाला वाटलं, हे कुठल्यातरी खात्याचे लोक आहेत आणि तिला अडकवायला आले आहेत. "आमच्याकडे जे असतं ते पोत्यावर लिहिलेलं असतं," असं सांगून तिने दोघांना परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला आलेल्या बाईने सांगितलं, की तिच्या नवऱ्याला गव्हाचा आजार आहे; गव्हात आणि रायमध्ये ग्लुटेन म्हणून चिकट द्रव्य असतं, ते त्याला सोसत नाही. गव्हाचा कण पोटात गेला तरी आतडं सोलून निघतं. आता दुकानात बिनगव्हाची बिस्किटं मिळतात, पाव मिळतो, बिअरसुद्धा मिळते, पण सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं. कुट्टूला निदान चव आहे.

पाच-सहा वर्षांत गाव पालटलं. उतारावरच्या ज्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांत काटेरी झुडपं माजली होती, ती लोकांनी साफ केली. ऑगस्टमध्ये पांढऱ्या फुलोऱ्याने डोंगर भरून जायला लागला. ब्रेशाकडची एक कंपनी आली. ती बिनग्लुटेनचं पीठ पाकिटं भरून मोठ्या दुकानांना द्यायची. कंपनीच्या बेल्लोत्ती मॅडम चक्की बघायला आल्या तेव्हा त्यांनी पायांत प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि केसांवर जाळी लावली. ओर्तेन्सिया दारात हात बांधून उभी.

"राय आणि गहू पूर्ण बंद करावे लागतील," बेल्लोत्ती म्हणाल्या.

"केले."

"कधी?"

"तुम्ही यायच्या आधी. मला काय कळत नाही?"

खरंच केले होते. बहीण-भावाने महिनाभर चक्की खरवडली होती. चाळण्या बदलल्या, पन्हळी बदलल्या, जुनी पोती जाळली. धान्य देणाऱ्या सगळ्यांना तिने एकच अट घातली. आमच्याकडे जुनी रीत अशी, की उन्हाळ्यात राय कापायची आणि त्याच शेतात लगेच कुट्टू पेरायचा. ती रीत बंद. ज्या शेतात राय लावली त्यातला कुट्टू तिच्या दारात यायचा नाही, कारण रायचे पडलेले दाणे उगवतात आणि कुट्टूबरोबर कापले जातात.

सगळ्यांनी मान डोलावली. मान डोलावणाऱ्यांवर तिचा विश्वास नव्हताच. जूनमध्ये ती वरच्या वाटेने काठी टेकत हिंडायची आणि कुणाच्या शेतात काय पिवळं दिसतं ते बघायची.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कंपनीच्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. मी ते तिच्या हातात दिलं आणि तिने माझ्यासमोरच फाडलं. किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या खाली ग्लुटेन असलं तर पीठ चालतं. तिच्या पिठात चौऱ्याण्णव निघालं होतं. कंपनीने तो सगळा माल अडवला होता.

तिने पत्र दोनदा वाचलं, घडी करून एप्रनच्या खिशात घातलं. "गाउदेन्झिओ," ती म्हणाली. एवढंच.

गाउदेन्झिओ मोताल्ली तिचा शाळेतला सोबती. त्याची शेतं सगळ्यांत वर, आणि सगळ्यांत जास्त धान्य त्याचंच. जूनमध्ये त्याच्या वरच्या पायरीवर तिला काहीतरी उंच आणि पिवळसर दिसलं होतं. जवळ जाऊन बघायचं म्हणून ती चढली होती, पण त्याचा कुत्रा आडवा आला.

रविवारी चर्चमधून लोक बाहेर पडले. पुरुष समोरच्या बारमध्ये शिरले. ओर्तेन्सिया कधी त्या बारमध्ये जात नसे. त्या दिवशी गेली. गाउदेन्झिओ हातात ग्लास घेऊन उभा होता.

"वरच्या पायरीत काय लावलं होतंस?"

"कुट्टू."

"त्याच्या आधी?"

तो क्षणभर थांबला. मी दारात होते, ते थांबणं मी पाहिलं. "गवत."

"गवताला कधीपासून कणसं यायला लागली?"

"ओर्तेन्सिया, ग्लास तरी संपवू दे."

"तुझ्यामुळे अख्ख्या गावाचं पीठ अडकलंय. आजारी माणसं खातात ते. विष घातलंस तू त्यात."

गाउदेन्झिओने ग्लास ठेवला. "तुझ्या बापाने मला कधी चोर म्हटलं नव्हतं," तो म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला. उरलेली वीस पोती तो तिला देणार होता. ती आलीच नाहीत.

गावाने काय करायचं ते केलं. निम्मे म्हणाले, गाउदेन्झिओ लबाडच. निम्मे म्हणाले, कंपनीचाच डाव आहे, परदेशातून स्वस्त कुट्टू मिळायला लागला म्हणून आमच्या मालात खोट काढतात. ओर्तेन्सियाला दोन्ही पटत होतं. बेल्लोत्तींनी फोन केला, की प्रत्येक शेतकऱ्याचं धान्य वेगळं तपासू या, नमुने पाठवा. ती म्हणाली, "तुमच्या प्रयोगशाळेत तुमचाच माणूस बसलेला. मी माझं तपासेन."

आणि तपासलं. पिठातलं ग्लुटेन बघायच्या पट्ट्या बाजारात मिळतात. दिवस गेलेत का ते बायका बघतात ना, तसल्याच. एक रेघ आली तर साफ, दोन आल्या तर दोष. तिने त्यांचा खोका मागवला, तोही मीच पोचवला. कॉफी दळायचं नवं यंत्र आणलं. स्वयंपाकघराच्या टेबलावर पांढरं कापड अंथरून ती बसायची. गाउदेन्झिओच्या एका पोत्यातलं धान्य अजून तिच्याकडे शिल्लक होतं. वरच्या पायरीचं. तिने त्यातली मूठ दळून पाण्यात घोळली आणि पट्टी बुडवली.

एक रेघ.

पट्ट्या खराब असतील म्हणून तिने थोडा पाव चुरून पाहिला. लगेच दोन रेघा. मग पोत्याच्या तळातली मूठ काढली. एक रेघ. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक. गाउदेन्झिओचं धान्य तिच्या स्वतःच्या शेतातल्या धान्याइतकंच साफ होतं.

मग तिने आपल्या शेतातलं धान्य चक्कीवर दळलं आणि ते पीठ तपासलं. दोन रेघा. दुसरी फिकट होती, पण होती.

म्हणजे दोष चक्कीतच होता. आणि चक्कीत दोनच माणसं जात होती.

इथपर्यंत ती बाजारात सुटं पीठ विकत होती. शनिवारी सोंद्रिओच्या बाजारात तिचा ठेला असायचा. पत्र आल्यावरही तिने तो बंद केला नव्हता, कारण तिच्या मते दोष फक्त गाउदेन्झिओच्या पोत्यांत होता आणि बाजारात दुसऱ्यांचं पीठ होतं. दोन रेघा दिसल्यावर ठेला बंद केला. का, ते कुणाला सांगितलं नाही.

आणि ती इलारिओच्या मागे लागली.

तो दुपारी चक्कीच्या उंबऱ्यावर बसून पाव खायचा, चाळीस वर्षं खात होता. तिने ते बंद केलं. तो बाहेर अक्रोडाच्या झाडाखाली बसायला लागला, डिसेंबरच्या थंडीत. तिला तेवढ्याने समाधान नव्हतं. तो आत यायला लागला की म्हणायची, "खिसे उलटे कर."

"काही नाही त्यात."

"नाही तर उलटे करायला काय जातं?"

तो खिसे उलटे करायचा. रुमाल, चाकू, एक सुतळी. तिने त्याच्या मिशा विंचरायला लावल्या. रात्रीचे कपडे, दिवसाचे कपडे वेगळे. एकदा त्याच्या गादीखाली हात घातला, तेही तो दारात उभा राहून बघत असताना. तो काही बोलला नाही. त्या दिवसापासून तो जेवायला टेबलाशी बसेना, आपलं ताट घेऊन चुलीपाशी उभा राहून जेवायचा. तिने हेही संशयाच्या खात्यात टाकलं. लपवायचं नसतं तर तोंड का चुकवतो?

जानेवारीत ओढा आटतो, चक्की थांबते. त्या दिवसांत जात्याची तळी, म्हणजे वरचा दगड, उचलून टाकी लावायची, छिन्नीने तो खरबरीत करायचा असतो. इलारिओला ताप होता, म्हणून ओर्तेन्सिया एकटीच साखळी ओढून तळी उचलायला गेली. त्याआधी जात्याभोवतीचं लाकडी कडं काढावं लागतं. ते पाच तुकड्यांचं, दीडशे वर्षं जुनं, आणि सांध्यांतून पीठ उडू नये म्हणून त्या फटी खळीने बुजवलेल्या असतात. पीठ पाण्यात शिजवून केलेली साधी खळ, तिच्यात भिजवलेल्या कापडाच्या चिंध्या. बात्तिस्ता दर जानेवारीला लावायचे. ते गेल्यावर ती लावायची. इलारिओला ते काम ती देत नसे, तो जाड थापतो म्हणून.

तिने कड्याचा पहिला तुकडा हलवला. वाळलेल्या खळीचा बोटभर लांब खपला सुटून सरळ दगडावर, पीठ पडतं त्या खाचेत जाऊन पडला.

यंदा जुनं लाकूड आकसलं होतं, खळ जागोजागी तडकून सुटली होती.

खळ रायच्या पिठाची होती. रायची खळ चिकट होते, गव्हाचीही होते, कुट्टूची होत नाही. चक्कीतून राय हद्दपार केली तेव्हा तिने एक डबा मागे ठेवला होता, फळीवर, दोरीच्या गुंडाळ्यामागे. लपवला नव्हता. तिच्या डोक्यात तो कधी आलाच नव्हता. ती काय खायची वस्तू होती? ती खळ होती.

तिने खपला घरी नेला, कुटला, पट्टी बुडवली. दुसरी रेघ पहिलीपेक्षा गडद आली.

तीन दिवस ती कुणाशी बोलली नाही. टपाल घेऊन गेले तेव्हा तिने दार अर्धंच उघडलं. आजारी आहे का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "तुला काय करायचंय?" मला वाटलं, इलारिओचंच काहीतरी सापडलं. गावातही तसंच बोलायला लागले होते, आणि मीही त्यात दोन शब्द घातले होते. ते आता कबूल करते.

चौथ्या दिवशी तिने इलारिओच्या खोलीत सूप नेलं. त्याचा ताप उतरला होता. ती पलंगाच्या कडेवर बसली.

"इलारिओ, खळ होती ती."

तो सूप फुंकत राहिला. "हं."

"हं काय? मी बाबांची खळ म्हणतेय. कड्याच्या सांध्यांतली."

"मला नोव्हेंबरातच वाटलं होतं, ताई."

"मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू माझे खिसे बघत होतीस."

"अरे, पण एवढे दिवस..."

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, आपलं झाकायला बाबांचं नाव घेतो." त्याने चमचा ठेवला. "म्हणाली असतीस की नाही?"

ती म्हणाली असती. दोघांनाही ते माहीत होतं. इलारिओ इतकी वाक्यं एका दमात कधी बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. तिने त्याची माफी मागितली का, हे मी नंतर त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "सूप पुन्हा गरम करून आणलं." त्या संध्याकाळी तो टेबलाशी बसला.

गाउदेन्झिओकडे जाणं जास्त कठीण होतं. वाट बर्फाने निसरडी झालेली, आणि कुत्रा तोच. ती गेली तेव्हा तो आणि त्याची बायको रोझाल्बा स्वयंपाकघरात होते. त्याने तिला बस म्हटलं नाही. रोझाल्बाने खुर्ची सरकवली.

"माझ्याच चक्कीत होतं," ओर्तेन्सिया उभ्यानेच म्हणाली. "मीच लावलेलं. तुझं धान्य साफ आहे. मी बारमध्ये बोलले ते चुकीचं होतं. बारमध्ये येऊन सांगते, रविवारी."

गाउदेन्झिओ रोझाल्बाकडे बघत होता. रोझाल्बा म्हणाली, "सांग तिला. नाहीतर मी सांगते."

"काय सांग?" ओर्तेन्सियाने विचारलं.

"राय लावली होती मी," तो म्हणाला. "वरच्या पायरीत. अर्धीच. आईपासून तिथे राय लावतोय, पावाला लागते. तू सांगितलंस तरी हात राहिला नाही."

ओर्तेन्सियाने खुर्चीची पाठ धरली. "पण तुझं धान्य साफ निघालं. तीनदा बघितलं मी."

"मी निवडलं," रोझाल्बा म्हणाली. "याने पोती भरली आणि मला रात्रभर झोप लागेना. वरच्या पायरीची सात पोती या टेबलावर ओतून दाणा दाणा निवडली. पंधरा दिवस. बोटं बघ माझी."

ओर्तेन्सियाने खरंच तिची बोटं बघितली. मग गाउदेन्झिओकडे वळली. "म्हणजे तू खोटं बोललास."

"हो. आणि तू खोटा आळ घेतलास."

"आळ खोटा नव्हता."

"माल खराब होता का?"

"नव्हता."

"मग?"

रोझाल्बाने कॉफी ठेवली. ओर्तेन्सियाने कपात डोकावून बघितलं आणि मग प्यायली. निघताना ती म्हणाली, "यापुढे प्रत्येक पोत्याची पट्टी बघेन." गाउदेन्झिओ म्हणाला, "बघ. मीही तुझ्या पिठाची बघेन. खोका मागवलाय." रविवारी ती बारमध्ये गेली, दोन वाक्यांत सांगितलं, आणि त्याच्या रायबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्या रायचं मला रोझाल्बाकडून कळलं, कितीतरी महिन्यांनी.

बेल्लोत्ती मॅडमना तिने स्वतः फोन केला. त्यांनी लाकडी कडं काढून पोलादी बसवायला सांगितलं, सांध्याला रबर. तीन तपासण्या साफ आल्या तरच पुन्हा माल घेऊ म्हणाल्या. पहिल्या दोन साफ आल्या. तिसरीला ओर्तेन्सियाने नमुना स्वतः ब्रेशाला नेऊन दिला, टपालावर विश्वास नव्हता. माझ्याच तोंडावर म्हणाली. ती तपासणीही साफ आली.

पण कंपनीने माल अडवला होता, तो कुणाच्या पोटात गेला नव्हता. बाजारातलं पीठ गेलं होतं. "यात ग्लुटेन नाही ना?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला तिने "मी स्वतः दळलंय" असं सांगितलं होतं. त्या माणसांची नावं तिच्याकडे नव्हती.

मार्चमध्ये पहिल्या शनिवारी तिने सोंद्रिओला ठेला लावला. नवं पीठ समोर मांडलं आणि त्याच्यावर पुठ्ठ्याची पाटी टांगली. अक्षर इलारिओचं, तो चांगलं लिहितो. "नाताळच्या आधी या ठेल्यावर विकलेल्या कुट्टूच्या पिठात रायचा अंश होता. चूक चक्कीची. घरात शिल्लक असेल तर आजारी माणसाला देऊ नका." खाली तिचं पूर्ण नाव.

मी त्या दिवशी तिच्याबरोबर गेले होते. शेजारचा चीजवाला म्हणाला, "बाई, धंदा करायचाय की कबुलीजबाब द्यायचाय?" ती म्हणाली, "तुझ्या चीजचं वजन कर आधी." लोक थांबायचे, पाटी वाचायचे, तिच्याकडे बघायचे, तिने इतकी वर्षं जसं सगळ्यांकडे बघितलं तसं, आणि पुढे जायचे. एकाने विचारलं, "आता साफ आहे, हे कशावरून?" तिने त्याच्यासमोर पट्टी बुडवून दाखवली. त्याने रेघ बघितली, पट्टीचा खोका उलटून तारीख वाचली, आणि न घेता गेला. दुपारपर्यंत किलोभरही पीठ गेलं नाही.

मग एक बाई आली, चाळिशीची, सडपातळ, हातात कापडी पिशवी. तिला ओर्तेन्सियाने ओळखलं. तीन वर्षं दर महिन्याला येणारी. तिने पाटी वाचली. पुन्हा वाचली.

"नोव्हेंबरात पण?"

"नोव्हेंबरात पण."

"एक नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणानंतर मी आठ दिवस अंथरुणात होते." तिचा आवाज चढला नव्हता. "सणाला बहिणीकडे केक खाल्ला होता. ती शपथ घेत होती की माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात केला. मी म्हटलं, तुला माझा आजार म्हणजे नखरा वाटतो, मुद्दाम केलंस. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. नाताळलाही गेले नाही मी."

ओर्तेन्सियाने एप्रन पुढे ओढला. मग हात पुसत म्हणाली, "नंबर लावा तिचा."

"आत्ता?"

"आत्ता. मी बोलते."

बाईने तिच्याकडे निरखून बघितलं. या म्हातारीचा काय हेतू आहे, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी तिने फोन लावून दिला. ओर्तेन्सिया फोन तोंडापासून लांब धरून मोठ्याने बोलायला लागली.

"नमस्कार. मी प्रेदाल्ताची चक्कीवाली, ओर्तेन्सिया ब्रांकी. तुमची बहीण इथे आहे. तुमच्या केकमध्ये काही नव्हतं, माझ्या पिठात होतं." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, मला काही विकायचं नाही. अहो, नाही. पीठ. पीठ म्हणतेय मी. हॅलो?"

तिने फोन कानापासून काढून बघितला. "ठेवला तिने. मी भामटी आहे म्हणते."

ती बाई हसली. तोंडावर हात ठेवून हसली, आणि मग तिचे डोळे भरून आले. "तशीच आहे ती. कुणावर विश्वास नाही."

"पुन्हा लावू?"

"नको." तिने फोन पिशवीत टाकला. "तिरानोला राहते. तीनची गाडी आहे. मीच जाते."

"पाटी घेऊन जा," ओर्तेन्सिया म्हणाली, आणि सुतळी सोडायला लागली. "माझं नाव आहे खाली. दाखवा तिला."

बाईने पाटी काखेत धरली आणि स्टेशनच्या बाजूला निघाली. पीठ तिनेही घेतलं नाही. ओर्तेन्सियाने चीजवाल्याकडून दुसरा पुठ्ठा मागून घेतला, माझ्याकडे पेन मागितलं, आणि स्वतःच्या वेड्यावाकड्या अक्षरात पहिल्या शब्दापासून पुन्हा लिहायला बसली.